वडिलांच्या कॅसेट, गोंधळाची गाणी आणि ‘काढून टाका’ म्हणणारा नातू

फडके_हौदवाला

मंडळी, प्रश्न दोन आहेत. एक कॅसेटचा, एक माणसांचा. पहिल्याचं उत्तर इथे नक्की मिळेल. दुसऱ्याचं देव जाणे.

आमच्या वडिलांचं कसबा पेठेत कॅसेट भरून द्यायचं दुकान होतं. आठ बाय दहाची जागा, एका भिंतीला डेक, दुसऱ्या भिंतीला गिऱ्हाईक. लोक वहीच्या पानावर गाण्यांची यादी घेऊन यायचे आणि आठवड्याने भरलेली कॅसेट न्यायचे. (हो, तो धंदा कायद्यात बसत नव्हता. माणूस गेला, आता सोडा.) पण त्यांचा खरा जीव दुसऱ्याच गोष्टीत होता. लग्नानंतर घरोघरी गोंधळ घालायचे, तिथे ते मशीन आणि दोन माइक घेऊन जायचे. रात्रभर बसायचे. सकाळी डोळे लाल, सदऱ्याला दिवटीच्या तेलाचा वास आणि आईची बोलणी. यजमानाला एक प्रत द्यायची आणि मूळ फीत आपल्याकडे ठेवायची, असा त्यांचा शिरस्ता. १९८३ पासून १९९१ पर्यंत हे चाललं.

आता वाडा पाडायला काढलाय. माळा रिकामा करताना बुटांच्या खोक्यांत ४७ कॅसेट निघाल्या. त्यातल्या ३१ गोंधळाच्या. प्रत्येकीवर वडिलांचं बारीक अक्षर: यजमानाचं आडनाव, तिथी, आणि खाली ‘चौक व गण’, ‘आवाहन’, ‘आख्यान’, ‘आरती’. गोंधळ्याचं नाव एकीवरही नाही. हे माझ्या आधी लक्षातच आलं नव्हतं.

लॉकडाऊनमध्ये घेतलेला एक डेक होता, त्यावर चांगल्यातल्या तीन उतरवल्या आणि यूट्यूबवर टाकल्या. लोकांना आवडल्या. ‘अंगावर काटा आला’, ‘उदे गं अंबे उदे’, ‘आजीची आठवण आली’ वगैरे. मी खुशीत. मग एकाने लिहिलं, “हा माझ्या आजोबांचा आवाज आहे. दोन नंबरचं काढून टाका.” मला वाटलं आला कोणी उपटसुंभ. उत्तर दिलं नाही. पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. पोरगा तिशीचा, धायरीला राहतो, नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी काकांबरोबर संबळाला बसतो. आवाज अजिबात चढा नव्हता, त्यामुळे मलाच चढवता येईना.

त्याचं म्हणणं असं. गण, आरती, जोगवा हे सगळ्यांचं आहे, खुशाल ठेवा. पण दोन नंबरच्या व्हिडिओत आख्यानाआधी जे म्हटलंय ते त्यांच्या घरातलं आहे. ज्याच्या हातात घरची दिवटी येते तोच ते म्हणतो. त्याच्या वडिलांच्या हातात ती आली नाही, काकांच्या आली. म्हणून त्याचे वडील जन्मभर गोंधळात उभे राहिले, पण ते गाणं त्यांनी कधी तोंडातून काढलं नाही. “आणि काका, तुमच्या व्हिडिओखाली कोणीतरी लिहिलंय की आमच्या बँडला याची चाल मिळेल का.”

पुढे म्हणाला, “तीन नंबरचं तुम्ही मधेच कापलंय.”

कापलं होतं खरं. चार मिनिटं नुसता संबळ वाजतोय, कोणी गात नाही, बोलत नाही. म्हटलं, बघणारे पळतील. तो म्हणाला, “तिथे आजोबा बोलतायत.” मी म्हटलं, अरे, एक अक्षर नाही तिथे. तो हसला. तिथे करपल्लवी चालली होती. पाहुण्यातला एकजण एका गोंधळ्याच्या कानात नाव सांगतो, तो बोटांच्या खुणांनी लांब उभ्या असलेल्या जोडीदाराला कळवतो आणि जोडीदार ते मोठ्याने बोलतो. मी घरी जाऊन मूळ फीत पुन्हा ऐकली. चार मिनिटं संबळ, मग लांबून एक आवाज: “वहिनीसाहेबांच्या माहेरचं नाव... यमुना!” आणि सगळा वाडा हसतो. सगळं फितीवर आहे, फक्त बोटं नाहीत.

तर प्रश्न. १) उरलेल्यांतल्या चौदा कॅसेटना पांढरी बुरशी आहे, एकीची फीत सैल पडली आहे, दोघींच्या आतली फेल्टची गादी निखळली आहे. काय करू? २) व्हिडिओ काढू का? धाकटा भाऊ म्हणतो, फीत आपल्या बापाच्या पैशाची, रात्री आपल्या बापाने जागवल्या, ह्याचा काय संबंध. मला त्याचं पटतही नाही आणि खोडताही येत नाही.

---

फीत_फिरव्या

पहिल्या प्रश्नापुरता बोलतो, दुसऱ्यात माझं डोकं चालत नाही.

सगळ्यात आधी प्रत्येक कॅसेटच्या पाठीमागचे दोन प्लास्टिकचे कान मोडा, म्हणजे तिच्यावर पुन्हा काही भरलं जात नाही. आजच. अर्ध्या झोपेत चुकीचं बटण दाबून वडिलांच्या आवाजावर स्वतःचा खोकला भरलेले लोक मी पाहिले आहेत. त्यातला एक मीच.

बुरशीवाल्या चौदा वेगळ्या खोक्यात ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाका. चांगल्या डेकमध्ये त्या घालू नका. बुरशी फीत वाचणाऱ्या हेडवर बसते आणि पुढच्या निरोग्या कॅसेटलाही लागते. जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी एखादा मरतुकडा डेक मिळेल, तो फक्त फीत इकडून तिकडे गुंडाळायला ठेवा. गुंडाळताना मऊ कोरडं कापड हलक्या हाताने फितीला लावायचं. मास्क लावा, ती पूड छातीत जाते. आणि हे काम पावसाळ्यात करू नका. मार्च-एप्रिलमध्ये पुण्याची हवा या कामाला सोन्यासारखी असते.

गादी निखळलेल्या दोघींचं सोपं आहे. स्क्रूवाली एखादी रद्दी कॅसेट घ्या, उघडा, तिच्यातली फीत काढून तिथे तुमची चाकं फितीसकट बसवा. फीत सैल पडलेली असेल तर षटकोनी पेन्सिल. ते सांगायला नको, तुम्ही दुकानात वाढलात.

वाजवायच्या आधी प्रत्येक फीत एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे न्या. वर्षानुवर्षं एकाच जागी बसल्यामुळे थर चिकटलेले असतात. मग हेडचा तिरपेपणा त्या त्या कॅसेटप्रमाणे जुळवा. हेडशेजारचा बारीक स्क्रू असतो, तो वाजत असतानाच केसभर इकडे तिकडे फिरवायचा, झांज जिथे सगळ्यात स्वच्छ ऐकू येईल तिथे थांबायचं. गोंधळात झांज आहे म्हणजे तुमचं काम सोपं. भजनाच्या कॅसेटनाही मी हेच करतो. जमत नसेल तर तापकीर गल्लीत अजून एक-दोघे म्हातारे कारागीर बसतात.

उतरवताना २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ किंवा ९६, वेव्ह फाइल. एमपीथ्री फक्त लोकांना पाठवायला. खरखर काढायचं सॉफ्टवेअर मूळ फाइलवर चालवू नका, त्यात तुणतुण्याचा अर्धा आवाज जातो. आणि संबळाची ‘रिकामी’ चार मिनिटं कापू नका, हे आता तुम्हाला कळलंच आहे.

---

स्पष्टच_बोलतो

तुमचा भाऊ बरोबर आहे. वडिलांनी उतरवलं नसतं तर नातवाला आजोबांचा आवाज कुठून मिळाला असता? उलट त्याने पेढे द्यायला हवेत.

---

पुन्हा_पुण्यात

पेढ्यांवरून आठवलं. लांबून सुरुवात करते, पण येते तुमच्या कसबा पेठेतच.

औंधला परतायच्या आधी आम्ही नऊ वर्षं कॅनडात व्हिक्टोरियाला होतो. तिथल्या संग्रहालयाला लागून थंडरबर्ड पार्क आहे. मी तिथे डबा खायला जायची. समोर एक मोठं लाकडी घर, दर्शनी भिंत पूर्ण रंगवलेली. ते मंगो मार्टिन नावाच्या क्वाक्वाक्यवाक्व सरदाराने बांधलेलं. हे लोक व्हँकुव्हर बेटाच्या उत्तर भागातले आणि समोरच्या किनाऱ्यावरचे. नावाचा अर्थच ‘क्वाक्वला बोलणारे’. १९५३ साली मार्टिननी त्या घरात पॉटलॅच केला. बंदी उठल्यानंतरचा तो पहिला उघड पॉटलॅच.

पॉटलॅच म्हणजे काय ते थोडक्यात. लग्न, बारसं, मृत्यू, वारसाहक्क, काहीही असो, यजमान गावोगावच्या लोकांना बोलावतो. सुरुवातीला शोकाची गाणी होतात, आधी रडून घ्यायचं. मग ज्या कुळाकडे जे नाच, जे मुखवटे, जी गाणी, जी नावं आहेत ती दाखवली जातात. शेवटी पाहुण्यांना आहेर. हा आहेर उगाच नव्हे, पाहुणे साक्षीदार असतात. ‘हे गाणं याच घरचं, आम्ही पाहिलं’ याची ती पोच. कॅनडा सरकारला हे उधळपट्टीचं आणि रानटी वाटलं. १८८५ पासून पॉटलॅच गुन्हा ठरला, तो १९५१ पर्यंत. १९२१ च्या नाताळात व्हिलेज आयलंडवर त्यांच्यातल्याच डॅन क्रॅनमरनी मोठा पॉटलॅच केला, त्यात ४५ जणांवर खटले झाले. आरोप काय? भाषण करणं, नाचणं, आहेराच्या वस्तू वाहून नेणं. मुखवटे आणि तांब्याचे मोठे ढालीसारखे पत्रे दिले तर शिक्षा माफ, असा सौदा झाला. वस्तू संग्रहालयांत गेल्या. त्या पत्र्यांना तिथे केवढी किंमत.

गाणी मात्र जप्त करता येत नाहीत. पण ती म्हणायचा प्रसंगच गुन्हा ठरला की पोरांना ती ऐकायला कुठे मिळणार?

इथे येतात इडा हॅलपर्न. व्हिएन्नाच्या संगीतशास्त्रज्ञ, ज्यू, १९३८ मध्ये नाझींपासून निसटून शांघायला आणि तिथून १९३९ मध्ये व्हँकुव्हरला. तिथल्या मूळ लोकांकडे संगीत म्हणावं असं काही नाहीच, असं त्यांना सांगितलं गेलं. त्यांनी सहा वर्षं नुसती ओळख वाढवण्यात घालवली. १९४७ मध्ये केप मज गावचे सरदार बिली असू गायला तयार झाले. गाणी तुमच्याबरोबरच जातील, असं बाईंनी सुचवल्यावर त्यांनी शंभर गाणी देतो म्हणून सांगितलं. पुढे मार्टिननी त्याहून जास्त दिली. बाईंचा संग्रह ३०० गाण्यांच्या वर गेला, १९६७ पासून त्यातल्या काहींच्या तबकड्या निघाल्या. त्याच्याही आधी मेणाच्या नळकांड्यांवर उतरवलेलं होतंच. सगळ्यात जुनं १८९३ चं, शिकागोच्या प्रदर्शनातलं. म्हणजे ज्या वर्षी विवेकानंद तिथे बोलत होते, त्याच वर्षी त्याच गावात हे लोक एका भोंग्यात तोंड घालून गात होते.

आता तुमची चार मिनिटं. या गाण्यांत लांबच लांब ‘हा मा मा मा, हे ये’ असे उच्चार येतात. आधीच्या ऐकणाऱ्यांनी त्यांना निरर्थक भरणा ठरवलं होतं. हॅलपर्ननी मार्टिनना समोर बसवून उच्चारागणिक विचारलं आणि त्यांचं म्हणणं पडलं की यातले पुष्कळसे खऱ्या शब्दांचे तुकडे आहेत. हामात्सा नाचाच्या गाण्यात येणारं ‘हाम’ हे खाण्याच्या शब्दातलं. कापायच्या आधी विचारलं, एवढाच फरक.

आणि तुमचा दुसरा प्रश्न. तिथे गाण्याला मालक असतो. ‘आमच्या समाजाचं गाणं’ असं मोघम नाही. अमुक घराचं. ते बापाकडून मुलाला जातं, किंवा लग्नात मुलीचा बाप ते जावयाच्या हवाली करतो, नातवंडांसाठी. हुंड्यात गाणं! ते दुसऱ्याने म्हटलं तर नुसता बेसूरपणा नाही, चोरी. हिवाळ्यातल्या विधीचं गाणं उन्हाळ्यात म्हणायचं नाही, हे वेगळंच. तबकडी काढणाऱ्या बाईंकडे फीत होती, गाणं नव्हतं. असूंनी आणि मार्टिननी गाणी दिली ती स्वतः ठरवून दिली, आणि घेणाऱ्यांनी त्यांची नावं लिहिली. म्हणून आज नातवंडा-पतवंडांना आपल्या घरचं कुठलं ते शोधता येतं. तुमच्या ३१ कॅसेटवर यजमानाचं नाव आहे आणि गाणाऱ्याचं नाही. मला विचाराल तर बुरशीपेक्षा ते जास्त वाईट आहे. बुरशी पुसता येते. ती नावं सांगणारी माणसं आज ऐंशीच्या घरात असतील.

एकदा पोर्ट मॅक्नीलहून बोटीने अलर्ट बेला गेले होते. तिथे याच लोकांचं उमिस्ता नावाचं केंद्र आहे, १९८० मध्ये उघडलेलं. परत मिळालेले मुखवटे तिथे काचेशिवाय मांडलेत, नाचात ज्या क्रमाने येतात साधारण त्याच क्रमाने. पूर्वी शत्रूने पळवून नेलेलं माणूस सुटून घरी आलं की त्याला ‘उमिस्ता’ मिळाली म्हणायचे. परत येणं. मी पुण्याची चौकस बाई, तिथल्या मुलीला विचारलं, आत बाहेरच्यांना गाणी ऐकायला मिळतात का? ती म्हणाली, काही मिळतात, काहींसाठी त्या घराला विचारावं लागतं. एवढ्या सहज म्हणाली, की जणू मी शेजारच्यांची शिडी मागितली होती.

आपल्या पुण्यातही हे नीट झालंय. जात्यावरच्या ओव्यांचं काम हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी इथूनच केलं, लाखावर ओव्या जमवल्या. २०१७ पासून त्या ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) च्या संकेतस्थळावर येतायत, बाईचं नाव, गाव, फोटो सगळ्यासकट. आधी नाव, मग ओवी.

स्पष्टच_बोलतो, पेढे नातवाने द्यायचे की फडके_हौदवाल्यांनी, हे तुम्हीच ठरवा.

---

संबळ_धाकटा

मी गोंधळ्याच्याच घरातला, पण रेणुराई शाखेतला. कॅसेटमधले बाबा बहुतेक कदमराई शाखेतले असतील. ताईंनी छान लिहिलंय, पण एक सांगतो. सगळ्या घरात असं नाही. आमच्यात माझा चुलता स्वतः मोबाइलवर पूर्ण गोंधळ लाइव्ह दाखवतो, त्यावरून सुपाऱ्या मिळतात. पोट आहे. त्यामुळे ‘गोंधळ्यांची गाणी टाकू नयेत’ असा नियम कृपया कोणी करू नका. त्या घराला विचारा, तेवढंच.

करपल्लवीबद्दल: ती नुसती नाव ओळखायची गंमत नाही. चौकात उभं असताना यजमान कसा आहे, आवरतं घ्यायचं का, अजून एक आख्यान लावायचं का, हे सगळं आम्ही त्यातच बोलतो. तुमच्या त्या चार मिनिटांत ‘यमुना’शिवाय अजून बरंच बोलणं झालं असणार. ते नातवालाही सांगता येणार नाही, बोटं दिसत नाहीत ना.

---

फडके_हौदवाला

उशीर झाला लिहायला. सगळ्यांचे आभार, भावाच्या पक्षातल्यांचेही.

दोन नंबरचा त्याच रात्री काढला. गेल्या रविवारी धायरीला जाऊन आलो. डेक, ३१ पैकी वाजण्याजोग्या १७ कॅसेट आणि चितळ्यांचे पेढे (घ्या, स्पष्टच_बोलतो). काका ७८ चे आहेत, ऐकू कमी येतं, म्हणून स्पीकर त्यांच्या खुर्चीला टेकवून ठेवला. वाटलं होतं रडारड होईल. कसलं काय. पहिली कॅसेट लागली आणि त्यांनी पहिल्या दहा सेकंदांत संबळ कोण वाजवतंय ते सांगितलं आणि त्याला शिवी घातली. तो आवाहनात नेहमी पळायचा म्हणे. मी वही काढली. दुपारी दोनपासून साडेसातपर्यंत बसलो. १७ पैकी १५ वर आता प्रत्येकाचं नाव आहे: संबळ, तुणतुणं, झांज, दिवटी. दोन कॅसेटवर एक झांजवाला कोण ते त्यांना आठवेना, त्याचा त्यांना फार राग आला. मला म्हणाले, ह्या दोन मागे ठेवून जा.

घरातलं गाणं तीन कॅसेटवर निघालं. ते लागलं की काका पुतण्याकडे बघायचे आणि तो उठून स्वयंपाकघरात जायचा. तिसऱ्या वेळी गेला नाही. काका काही बोलले नाहीत, मीही वहीत बघत बसलो. त्या तीन मूळ फिती मी तिथेच ठेवल्या. फाइल उतरवून देईन, माझ्याकडे प्रत ठेवणार नाही, असं मीच म्हटलं. त्यावर काका म्हणाले, ठेवा की, तुमचे वडील रात्रभर बसायचे, त्यांना पहाटे पिठलं-भाकरी आम्हीच द्यायचो. फक्त लावू नका कुठे. त्यामुळे प्रत आहे. खोक्यावर लिहिलंय.

तीन नंबरचा व्हिडिओ पुन्हा टाकला, चार मिनिटांसकट. गोंधळीबाबांचं नाव वर, वडिलांचं खाली. बघणारे पळतायत. असू दे.

राहता राहिल्या बुरशीवाल्या चौदा. फीत_फिरव्या, जुन्या बाजारात दोन रविवार घातले, मरतुकडा डेक मिळाला, पण उलटा गुंडाळत नाही, फक्त पुढेच जातो. पट्टा गेलाय की मोटर?

---

फीत_फिरव्या

पट्टा. पन्नास रुपये. उघडलात की फोटो टाका.